विहीर कोऱ्या चहासारखी आणि मंडळाचा अहवाल म्हणतो 'मर्यादेत': पुढे काय करायचं?

तुमचा प्रश्न मी असा समजले. गावाच्या वरच्या अंगाला सहकारी साखर कारखाना आणि त्याला जोडून डिस्टिलरी, म्हणजे मळीपासून अल्कोहोल काढणारा विभाग. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ओढ्याकडेच्या तीन विहिरींचं पाणी तांबूस झालं. आता एप्रिलच्या मध्यावर सात विहिरी कोऱ्या चहासारख्या दिसतात, मोटार सुरू केली की फेस येतो, जनावरं तोंड लावत नाहीत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे दोन तक्रारी झाल्या. क्षेत्र अधिकारी एकदा येऊन नमुना घेऊन गेले आणि महिन्याने उत्तर आलं की 'निष्कर्ष विहित मर्यादेत आढळले'. एक वकील थेट एनजीटीत, म्हणजे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात, जा म्हणतात, चुलते पोलिसात फिर्याद द्या म्हणतात, आणि निम्मं गाव गप्प बसा म्हणतं, कारण ऊस त्याच कारखान्याला घालायचाय.

माझा कल कुठून येतो ते आधी सांगते. वकिलीला लागण्यापूर्वी नऊ वर्षं मी पर्यावरण सल्लागार होते आणि माझे बहुतेक अशील साखर कारखाने होते. संमतीपत्राचे (कारखाना चालवायला मंडळ देतं त्या परवानगीचे) अर्ज भरणं, सांडपाणी प्रक्रियेच्या नोंदवह्या लावून देणं, तपासणी असेल तर आदल्या दिवशी कारखान्यावर जाऊन बसणं, ही माझी कामं. आता विहीरवाल्यांच्या बाजूने उभी राहते. दोन्हीकडून पाहिल्यावर माझं मत असं झालंय की अशी प्रकरणं न्यायाधिकरणात पोचण्याच्या खूप आधी ठरतात: पाणी कुठलं घेतलं, कोणत्या दिवशी घेतलं आणि कोणासमोर घेतलं, यावर.

कायद्याकडे जाण्याआधी आजचं बघा. त्या विहिरींचं पाणी पिऊ नका, स्वयंपाकाला वापरू नका. उकळून उपयोग नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण क्षार आणि विरघळलेले सेंद्रिय पदार्थ तिथेच राहतात, पाणी आटल्यामुळे उलट थोडे दाट होतात. ग्रामसभेत टँकरच्या मागणीचा ठराव करून घ्या आणि तहसीलदार, गटविकास अधिकारी दोघांकडे पोच घेऊन द्या. या ठरावाचा दुसरा उपयोग पुढे कळेल. विहिरी कधीपासून बिघडल्या याची तारीख असलेला तो पहिला सरकारी कागद असतो.

आता तो 'मर्यादेत' शब्द. मंडळाच्या अहवालाची प्रत मागवा आणि आकडे बघायच्या आधी एकच गोष्ट वाचा: नमुना घेतल्याचं ठिकाण. माझी पैज आहे की तिथे 'ईटीपी आउटलेट' असं लिहिलेलं असेल. म्हणजे साखर विभागाच्या सांडपाण्यावर प्रक्रिया झाल्यानंतरचं पाणी. त्याला जमिनीवर सोडायला बीओडीची (सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनची) मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम आहे, ओढ्या-नदीत सोडायला ३०. ते पाणी खरोखरच मर्यादेत असू शकतं. अधिकाऱ्याने खोटं लिहिलं असेलच असं नाही. त्याने तुमच्या विहिरीशी संबंध नसलेलं पाणी मोजलं, एवढंच.

तुमच्या वर्णनावरून संशय जातो तो डिस्टिलरीच्या पाण्यावर, ज्याला आपल्याकडे कोणी मळीचं पाणी म्हणतं, कोणी नुसतं स्पेंट वॉश. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश निघतो. रंग गडद तपकिरी, सामू ४ च्या आसपास, आणि सीओडी (घाणीचं रासायनिक विघटन व्हायला लागणारा ऑक्सिजन) लिटरला एक लाख मिलिग्रॅमच्या घरात. कारखान्यांना ओढ्यात सोडायच्या पाण्यासाठी सीओडीची सर्वसाधारण मर्यादा २५० आहे, त्यावरून अंदाज घ्या. म्हणून मळीवर चालणाऱ्या डिस्टिलऱ्यांना 'शून्य विसर्ग' बंधनकारक आहे. स्पेंट वॉशपासून बायोगॅस काढा, बाष्पीभवन यंत्रात आटवा, प्रेसमडमध्ये (उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या मळात) मिसळून खत करा किंवा बॉयलरमध्ये जाळा. आवाराबाहेर थेंब जाता कामा नये. ज्या पाण्याला बाहेर पडायची परवानगीच नाही, त्याला 'विहित मर्यादा' कुठून येणार? तुमच्या पुढच्या तक्रारीचं पहिलं वाक्य हेच असलं पाहिजे.

मग ते विहिरीत कसं येतं? मी पाहिलेले मार्ग तीन-चारच. एक, लगून. स्पेंट वॉश साठवायच्या तळ्याला खाली जाड प्लास्टिकचं अस्तर असतं, शेततळ्याला असतं तसं; कामगार त्याला 'कागद'च म्हणतात. तळाचा गाळ काढायला पोकलेन उतरवला की दात लागून कागद फाटतो. एका कारखान्यात मी स्वतः हे पाहिलं होतं. फाटलेल्या जागेवर मातीची पाटी ओतून दुसऱ्या दिवशी तळं भरायला घेतलं, आणि मी अहवालात 'अस्तराची दुरुस्ती प्रस्तावित' असं लिहिलं. ते वाक्य मला अजून टोचतं. दुसरा मार्ग खताच्या यार्डाचा. फरशी तडकलेली, कडेची चर भरलेली, त्यातून काळं पाणी झिरपतं. तिसरा रात्रीचे टँकर. आणि चौथा, जो कागदावर सगळ्यात निरागस दिसतो: 'शेतकऱ्यांच्या मागणीनुसार' शेतात सोडलेलं पाणी.

इथे मला एक कबूल केलं पाहिजे. तुमची विहीर न बघता ते स्पेंट वॉशच आहे असं मी ठामपणे सांगू शकत नाही. उसाच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं पाटाचं पाणी आणि खतं देऊन विहिरी मचूळ होतात, त्यात कारखान्याचा हात नसतो. गावच्या गटाराचं पाणीही मुरतं. समोरचा वकील नेमकं हेच म्हणणार आहे, तेव्हा त्याचं उत्तर आत्ताच तयार ठेवा. ते प्रयोगशाळेत मिळतं. खतांमुळे बिघडलेल्या विहिरीत नायट्रेट चढतं (पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे), पण पाण्याला रंग येत नाही. गटाराच्या पाण्यात विष्ठेतले जिवाणू सापडतात. स्पेंट वॉशमध्ये पोटॅशियम लिटरमागे कित्येक ग्रॅम असतं, आणि आपल्या साध्या भूजलात ते लिटरला काही मिलिग्रॅम एवढंच. तेव्हा रंग, सीओडी आणि पोटॅशियम हे तिन्ही एकत्र चढलेले दिसले, आणि नायट्रेट त्या मानाने साधं असलं, तर बोट कुठे जातं हे भूजलशास्त्रज्ञाला वेगळं सांगावं लागत नाही. लोक नमुना देताना 'पिण्याच्या पाण्याची तपासणी' एवढंच लिहितात. मग सामू, क्षार, कठीणपणा, जिवाणू असा नेहमीचा ठोकळा निघतो आणि पोटॅशियम, सीओडी कुणी बघतच नाही. चाचण्यांची नावं तुम्ही लिहून द्या.

दुसरा युक्तिवाद येईल तो असा: 'कारखान्याला लागून असलेली विहीर स्वच्छ आहे, मग सहाशे मीटरवरची कशी बिघडेल?' आपला खडक बेसाल्ट आहे. वाळूत जसं पाणी सगळीकडे सारखं पसरतं तसं इथे पसरत नाही, ते भेगांमधून आणि दोन थरांच्या सांध्यांतून वाट काढतं. त्यामुळे जवळची विहीर सुटते आणि लांबची सापडते. जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेला ग्रामपंचायतीमार्फत पत्र देऊन भूवैज्ञानिकाची पाहणी मागा. त्या कार्यालयाचा एक पानी अभिप्रायसुद्धा खासगी तज्ज्ञाच्या जाड अहवालापेक्षा जास्त वजनाचा ठरतो, असा माझा अनुभव आहे.

नमुना कसा घ्यायचा ते थोडं सविस्तर सांगते, कारण इथेच जास्त घोळ होतो. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त आणि पर्यावरण (संरक्षण) कायद्याखालीही मान्यता असलेली निवडा. शक्य असेल तर तिचाच माणूस नमुना घ्यायला बोलवा. हजार-दोन हजार जास्त जातील, पण 'अर्जदाराने बाटलीत काय भरून आणलं देव जाणे' हा आक्षेप संपतो. निदान तीन ठिकाणचं पाणी हवं: बिघडलेल्या दोन विहिरी, आणि कारखान्याच्या वरच्या अंगाची एक चांगली विहीर. तुलनेला चांगली विहीर नसेल तर बाकीचे आकडे लोंबकळत राहतात. ओढ्यात काळं पाणी दिसत असेल तर तेही घ्या, पण कारखान्याच्या हद्दीबाहेर उभं राहून. आत शिरलात तर प्रदूषणाचं प्रकरण बाजूला राहून अतिक्रमणाचं सुरू होईल. तलाठी आणि कृषी सहायक यांना लेखी कळवून बोलवा. आले तर पंचनामा करून घ्या, नाही आले तर कळवल्याची पोच ठेवा आणि गावातले दोन पंच घ्या. तारीख-ठिकाण उमटणारे फोटो काढा. नमुने बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. बीओडीचा नमुना चोवीस तासांपुढे गेला की आकड्याला अर्थ उरत नाही.

हा नमुना कायद्याच्या दृष्टीने काय किमतीचा? १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे खटल्यात चालणारा नमुना मंडळच घेऊ शकतं: कारखान्याला नोटीस, नमुन्याचे दोन भाग, सील, सह्या. तुमचा कॅन त्या जागी बसत नाही. पण हरित न्यायाधिकरण पुराव्याच्या कायद्याच्या नियमांनी बांधलेलं नाही, आणि तिथे तुमच्या नमुन्याचं काम कारखान्याला दोषी ठरवणं हे नसतंच. संयुक्त समिती पाठवून पुन्हा मोजायला लावण्याइतका संशय निर्माण केला, की त्याचं काम झालं.

पाण्यानंतर कागद. डिस्टिलरीचं संमतीपत्र मिळवा. मंडळाच्या संकेतस्थळावर बहुतेक संमतीपत्रं सापडतात. नाही सापडलं तर जल कायद्याच्या कलम २५(६) प्रमाणे संमतीची नोंदवही बघण्याचा हितसंबंधी व्यक्तीला हक्क आहे, आणि माहिती अधिकार आहेच: दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. अर्जात 'प्रदूषणाबाबत सर्व माहिती' असं कधीही लिहू नका, तसल्या अर्जाला तसलंच उत्तर येतं. मागा ते असं: संमतीपत्र अटींसह, मागच्या दोन वर्षांतले मंडळाच्या जेव्हीएस (संयुक्त दक्षता) नमुन्यांचे अहवाल, नमुना घेतल्याच्या ठिकाणासह, पाहणी अहवाल, कारणे दाखवा नोटिसा, निर्देश, जप्त झालेली बँक हमी, आणि दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत भरायचं पर्यावरण विवरणपत्र. शून्य विसर्गाच्या कारखान्यांना प्रवाहमापक आणि कॅमेरे बसवायला लावलेले असतात. जानेवारीतल्या त्या पंधरवड्याची त्यांची नोंदही मागा.

आणि एक अर्ज दुसऱ्याच कार्यालयात टाका: राज्य उत्पादन शुल्क. ही युक्ती मी कारखान्यांच्या बाजूला असताना शिकले. सांडपाण्याच्या नोंदवहीत हवे ते आकडे लिहिता येतात, पण अल्कोहोलच्या प्रत्येक लिटरवर सरकारचा डोळा असतो, तिथे खोटं महागात पडतं. समजा डिस्टिलरी रोज ४५,००० लिटर काढते. लिटरला दहा लिटर धरले तरी रोजचा स्पेंट वॉश साडेचार लाख लिटर झाला आणि दीडशे दिवसांचा पावणेसात कोटी लिटर. आता विचारा, तो गेला कुठे? आटवला असेल तर वाफ लागली, वाफेला बगॅस (उसाचा चोथा) लागला, आणि बॉयलरच्या नोंदवहीत तो दिसायला हवा. खतात घातला असेल तर एक टन प्रेसमडमागे अडीच घनमीटरच्या (अडीच हजार लिटरच्या) आसपास जिरतो, म्हणजे रोज १८० टन प्रेसमड हवा. तो गाळप चालू आहे तोवर मिळतो. गाळप मार्चमध्ये संपलं आणि डिस्टिलरी मेपर्यंत चालली, तर जुन्या साठ्यावर किती दिवस निघतात? लगूनमध्ये तर तीस दिवसांपेक्षा जास्त साठा करायचाच नसतो. अशा हिशोबाचं एक पान मी अर्जाला जोडलं होतं तेव्हा कारखान्याच्या वकिलांनी दोन तारखा उत्तराला मागून घेतल्या आणि तिसऱ्या तारखेला तडजोडीचं बोलणं काढलं. दर वेळी असं होईल असं नाही. लहान, नवी, चांगली यंत्रणा असलेली डिस्टिलरी हा हिशोब खरोखर जुळवूनही दाखवेल, आणि मग तुम्हाला दुसरीकडे शोधावं लागेल.

इथवरचं एकदा गोळा करते: विहिरीचं पाणी योग्य चाचण्यांसह मोजून घ्यायचं, भूवैज्ञानिकाचा अभिप्राय मागायचा, संमतीपत्र आणि उत्पादनाचे आकडे हातात घ्यायचे. हे चालू असतानाच मंडळाकडे तिसरी तक्रार करायची, पण वेगळ्या भाषेत. 'कारखान्यामुळे पाणी दूषित होऊन आरोग्य धोक्यात आले आहे, योग्य ती कारवाई व्हावी' या मजकुरावर अधिकारी 'योग्य ती कारवाई' करतो आणि फाइल बंद होते. त्याऐवजी लिहा की संमतीपत्राच्या अमुक क्रमांकाच्या अटीत शून्य विसर्ग आहे, अमुक सर्वे नंबरमधल्या विहिरींत सीओडी एवढा आणि पोटॅशियम एवढं आढळलं, आधीचा नमुना ईटीपी आउटलेटचा होता, तरी आता लगून, खताचं यार्ड आणि या सात विहिरींचे नमुने आमच्या उपस्थितीत घ्यावेत, आणि कलम ३३अ खाली निर्देश द्यावेत. कलम ३३अ म्हणजे कारखाना बंद करण्याचे, वीज-पाणी तोडण्याचे निर्देश देण्याचा मंडळाचा अधिकार. अटीचा क्रमांक लिहिलेली तक्रार उपप्रादेशिक अधिकाऱ्याला नुसती निकाली काढता येत नाही, त्या क्रमांकावर काहीतरी लिहावंच लागतं. त्यांच्याबद्दल थोडी सहानुभूतीही ठेवा. एकेका क्षेत्र अधिकाऱ्याकडे एवढे कारखाने असतात की ज्या फाइलमध्ये काम सोपं करून दिलंय ती आधी उघडली जाते.

आता तुमचे रस्ते. चुलत्यांचा पोलिसांचा सल्ला मी मागे ठेवते. भारतीय न्याय संहितेत सार्वजनिक झऱ्याचं किंवा जलाशयाचं पाणी घाण करणं हा गुन्हा आहे, पण तुमच्या विहिरी खासगी आहेत. ठाण्यातून तुम्हाला मंडळाकडेच पाठवतील. त्यापेक्षा प्रांताधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली सार्वजनिक उपद्रवाचा अर्ज करता येतो. हे फौजदारी प्रक्रिया संहितेतलं जुनं कलम १३३. रतलाम नगरपालिकेच्या गटारांवरून सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जो निकाल दिला तो याच कलमावर होता, आणि जल कायदा आल्यामुळे हा रस्ता बंद झालेला नाही हे २००३ मध्ये स्पष्ट झालं. प्रांत खमके असतील तर पंधरा दिवसांत ओढ्याकडेचा पाइप बंद होतो. नसतील तर तारखा पडत राहतात. ते माणसावर आहे.

मंडळाला साठ दिवसांची नोटीस देऊन स्वतः फौजदारी तक्रार करायची तरतूद जल कायद्याच्या कलम ४९ मध्ये आहे. मात्र २०२४ च्या दुरुस्तीने जल कायद्यातल्या बऱ्याच गुन्ह्यांची कैद काढून दहा हजार ते पंधरा लाखांपर्यंतचा दंड आणला. ती दुरुस्ती आधी हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली. बाकी राज्यांनी ठराव करून स्वीकारायची. तेव्हा फौजदारीचा विचार असेल तर घटनेच्या दिवशी महाराष्ट्रात कोणता मजकूर लागू होता ते वकिलांकडून आधी तपासून घ्या. तरी साठ दिवसांची नोटीस द्या असंच मी म्हणेन. त्या नोटिशीनंतर तक्रार दाखल केली की मंडळाला तुमच्या मागणीवरून संबंधित अहवाल द्यावे लागतात, आणि तेवढ्यासाठीही ती वसूल होते.

एनजीटीचं म्हणाल तर वकिलांचा सल्ला बरोबर आहे, फक्त घाई कशाची करायची ते नीट समजून घ्या. २०१० च्या कायद्याच्या कलम १४ खाली अर्जाची मुदत सहा महिने आहे, आणि ती वादाचं कारण 'पहिल्यांदा' उद्भवलं त्या दिवसापासून मोजतात. 'अजून प्रदूषण चालूच आहे' हा युक्तिवाद कधी चालतो, कधी नाही. त्यावर घर बांधू नका. जानेवारीचा तिसरा आठवडा धरला तर तुमची मुदत जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात संपते. पुढचे साठ दिवस पुरेसं कारण दाखवलं तरच मिळतात, आणि मंडळाच्या उत्तराची वाट बघत होतो हे कारण दर वेळी पुरत नाही. नुकसानभरपाई आणि विहिरी पूर्ववत करण्यासाठी कलम १५ आहे, त्याची मुदत पाच वर्षं. एकाच अर्जात दोन्ही मागता येतात. साध्या अर्जाचं शुल्क हजार रुपये. भरपाई मागितली तर मागितलेल्या रकमेच्या एक टक्का, पण हजारापेक्षा कमी नाही. महाराष्ट्रासाठी पीठ पुण्यात आहे, अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि व्हिडिओवरून हजर राहता येतं, त्यामुळे दर तारखेला एसटी धरावी लागत नाही.

अर्जात कारखान्याला प्रतिवादी करायला विसरू नका. हास्यास्पद वाटेल, पण लोक रागाच्या भरात मंडळ, जिल्हाधिकारी, मंत्रालय सगळ्यांना ओढतात आणि कारखाना राहून जातो. समितीचा अहवाल आला, दंड झाला आणि ज्याला दंड झाला त्याचं म्हणणंच ऐकलं नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयात आदेश उडाला, असं घडलेलं आहे. निर्णय समितीवर सोपवून न्यायाधिकरणाला मोकळं होता येत नाही, असंही सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक वेळा बजावलंय. जिंकलेलं प्रकरण असं हातचं जाण्यापेक्षा समोरच्याला पहिल्या दिवसापासून बोलू द्यावं.

पैशाबद्दलचा गैरसमजही आत्ताच दूर करते. वर्तमानपत्रात 'कारखान्याला अमुक लाखांचा दंड' असं येतं ती पर्यावरण भरपाई असते. केंद्रीय मंडळाच्या सूत्रात प्रदूषण निर्देशांक, उल्लंघनाचे दिवस, एक रुपयांतला घटक, कारखान्याचा आकार आणि लोकवस्ती यांचा गुणाकार असतो. लाल वर्गातला (सर्वांत जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांच्या वर्गातला) मोठा कारखाना, साठ दिवस, तर ८० गुणिले ६० गुणिले २५० गुणिले दीड, म्हणजे १८ लाख. यातला रुपयाही आपोआप तुमच्या खिशात येत नाही, तो मंडळाच्या खात्यात जातो. तुमचं नुकसान वेगळं मांडावं लागतं: करपलेला ऊस, मेलेली जनावरं, टँकरची बिलं, विहीर उपसून गाळ काढायचा खर्च. हरित न्यायाधिकरण कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत जनावरं, पिकं, फळबागा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. प्रत्येकाचा सातबारा जोडा आणि त्यावर विहिरीची नोंद आहे का तेही बघा. नसेल तर आत्ताच तलाठ्याकडे अर्ज द्या. सरकारदरबारी जी विहीरच नाही तिची भरपाई मागताना माझ्या एका अशिलाची फार पंचाईत झाली होती.

अपेक्षाही जमिनीवर ठेवा. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात एच-ॲसिड बनवणाऱ्या कारखान्यांमुळे विहिरी नासल्या. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये 'प्रदूषण करणाऱ्याने भरावे' हे तत्त्व लावून निकाल दिला. गावच्या बाजूने याहून भक्कम निकाल क्वचितच सापडेल. तरी वसुलीचा वाद २०११ पर्यंत चालला, आणि तेव्हा न्यायालयाला सुमारे ३७ कोटी रुपये चक्रवाढ व्याजासह भरायला सांगावं लागलं. तेव्हा अर्जात अंतरिम मागण्या आधी लिहा: कारखान्याच्या खर्चाने पिण्याचं पाणी, लगून रिकामी करून अस्तराची तपासणी, विहिरींचा उपसा. भरपाई मागाहून आली तरी चालते, पाणी आज लागतं.

गप्प बसा म्हणणाऱ्या निम्म्या गावाला मी चूक म्हणणार नाही. शेतात ऊस उभा असताना कारखान्याशी वैर घेणं म्हणजे काय, हे पुण्यात बसून सांगणं सोपं असतं. म्हणूनच 'कारखाना बंद करा' ही मागणी अर्जात घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याने गाव फुटतं आणि न्यायाधीशही साशंक होतात. मागणी डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशपुरती ठेवा, साखरेला हात लावू नका. अर्जदार म्हणून विहिरींचे मालकच असू द्या, त्यातले दोन-तीन कारखान्याचे सभासद असतील तर फारच चांगलं. आणि संचालक मंडळाची निवडणूक जवळ असेल तर विरोधी पॅनेलच्या कोणालाही, तो वकिलाची फी द्यायला निघाला तरी, अर्जाजवळ फिरकू देऊ नका. निवडणूक झाल्यावर दोन्ही पॅनेलं एक होतात आणि अर्ज मागे घेण्यासाठी पहिला फोन त्याचाच येतो, हे मी दोनदा भोगलंय.

शेवटचं पावसाबद्दल. मृगाचा पाऊस पडला की विहिरींची पातळी वर येते आणि रंग उतरतो. एका प्रकरणात आमचा अर्ज वेळेत गेला, समितीही नेमली गेली, पण ती आली ऑगस्टमध्ये. विहीर काठोकाठ, पाणी जवळजवळ नितळ, अहवाल 'लक्षणीय प्रदूषण आढळले नाही'. आमच्याकडे मे महिन्यातला एकही आकडा नव्हता. तुमच्याकडे कायद्याची मुदत जुलैपर्यंत आहे, पण विहिरीची जूनच्या पहिल्या आठवड्यात संपते. नमुन्याचे कॅन या आठवड्यातच भरा. आरटीआयचा अर्ज चार दिवसांनी टाकलात तरी चालेल.